पिस्तुलाआधी काडतूस

स्पर्धेसाठी पिस्तूल कोणतं घ्यावं, हा प्रश्न सुरतेत हल्ली पालकांकडून वारंवार कानावर येतो. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरनं पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. लिंबायत-उधन्याकडच्या खानदेशी घरात हा प्रश्न निघतो तेव्हा त्यामागे सरळ पैशांचा हिशेब असतो: एकदाच मोठी रक्कम घालता येणार आहे, ती कुठं घालावी? माझं उत्तर ठाम आहे. सगळी रक्कम पिस्तुलात ओतू नका. काडतुसं किंवा छर्रे, हातात बसणारी ग्रिप आणि देखभाल यांचा वाटा आधी बाजूला काढा. उरलेल्यात जे पिस्तूल येईल ते घ्या. असं का, हे सांगायला सगळा विषयच उलगडावा लागतो.

सुरुवात 'प्रॅक्टिकल' पिस्तूल नेमबाजीपासून करतो, कारण मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेल्या मुलांच्या डोक्यात तीच असते. या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात कोलंबिया इथं स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. नेमबाज कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो आणि धावत, वळत, आडोशाआडून कागदी व लोखंडी निशाण्यांवर गोळ्या झाडतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येतो तो 'हिट फॅक्टर'. नुसत्या वेगाचा फायदा होऊ नये म्हणून काडतुसाच्या ताकदीलाही मोल आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार, हा झाला 'पॉवर फॅक्टर'. किमान १२५ लागतो, तो 'मायनर'. ओपन विभागात १६० आणि स्टँडर्ड विभागात १७० गाठला की 'मेजर', आणि मेजरवाल्याला निशाण्याच्या बाहेरच्या भागात लागलेल्या गोळीचे गुण जास्त मिळतात. १२४ ग्रेनची ९ मिलिमीटर गोळी १,०३० फूट वेगानं सुटली की फॅक्टर १२७.७ येतो, तीच १,३०० फुटांवर नेली की १६१.२. तिकडची सगळी साधनसामग्री या आकड्यांभोवती फिरते. वाढलेला धक्का आवरायला नळीच्या तोंडावर कॉम्पेन्सेटर, वर लाल ठिपक्याची साइट, ओपनमध्ये १७० मिलिमीटरपर्यंत लांब मॅगझिन. स्टँडर्डमध्ये मात्र मॅगझिनसकट पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.

या यादीतली एकेक गोष्ट आपल्याकडे कायद्याच्या दारात अडते. आयपीएससीला ९ मिलिमीटर व्यासाखालची गोळी आणि काडतुसाची १९ मिलिमीटरहून आखूड केस चालत नाही. आपल्याकडे ९ मिलिमीटर हे सैन्य-पोलिसांचं बोअर. साध्या परवानाधारकाच्या ते आवाक्याबाहेर आहे. त्याच्या हाती येतं ते .३२. कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर घ्या किंवा 'अशनी' पिस्तूल, बोअर हेच. .३२ पिस्तुलाची गोळी साधारण ७१ ग्रेनची आणि वेग ९०० फुटांच्या आसपास. गुणाकार करून पाहा: फॅक्टर ६४, म्हणजे मायनरच्या जेमतेम निम्मा. पिस्तुलावर कितीही लाख खर्च करा, हा आकडा वाढत नाही. दुसरी अडचण काडतुसं भरण्याची. परदेशातला प्रॅक्टिकल नेमबाज रिकाम्या पितळी केसमध्ये नवं प्रायमर, मोजून दारू आणि गोळी बसवून घरच्या घरी काडतुसं तयार करतो. आपल्या पिस्तुलाला साजेसा भार शोधणं हा त्याच्या सरावाचाच भाग असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाखाली काडतुसं बनवायला परवाना लागतो. त्यामुळे परदेशी सामानाची यादी आणि तिथले 'रिलोडिंग'चे सल्ले सुरतेतल्या मुलानं वाचून सोडून द्यावेत. उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे, मोजण्याची सवय. प्रॅक्टिकलवाले आपल्या काडतुसांचा वेग क्रोनोग्राफवर मोजतात. ती सवय एअर पिस्तुलाच्या नेमबाजालाही तितकीच उपयोगी पडते. त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे पिस्तुलाची खरी स्पर्धा आयएसएसएफच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या नियमांनी चालते आणि तिच्या मुळाशी गुजरातेतला एक मराठी माणूस आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत, लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी असलेली अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावानं भरते. गुजरातेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी, असं मला फार वाटतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं १० मीटर एअर पिस्तुलापासूनच करावी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड छर्रा सेकंदाला १५० ते १६० मीटर वेगानं सोडणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा सहा जूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. मोरिनी, स्टायर, फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, पार्डिनी, ही नावं प्रत्येक रेंजवर ऐकू येतात. यातलं कोणतंही पिस्तूल शिकाऊ नेमबाजापेक्षा कितीतरी पटींनी अचूक असतं. कारखान्यातून त्याच्यासोबत जो चाचणीचा कागद येतो, त्यावर पाच छर्ऱ्यांचं मिळून एकच भोक असतं, छर्ऱ्यापेक्षा जेमतेम मोठं. तेव्हा 'अमक्या ब्रँडचं अचूक, तमक्याचं नाही' हा वाद निरर्थक आहे. जुनं पिस्तूल घेताना पाहायचं ते दाबलेल्या हवेचं सिलिंडर. त्याची मुदत उत्पादनापासून दहा वर्षांची असते, तारीख त्यावरच कोरलेली असते आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला आठवं-नववं वर्ष लागलेलं असेल, तर नव्या सिलिंडरचे पैसे त्याच दिवशी हिशेबात धरावेत. सुरतेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथल्या पावसाळी हवेत हातपंपानं २०० बार दाब भरला की हवेतली वाफही सिलिंडरमध्ये शिरते. ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर ती आतल्या, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत पोचते. क्लबमध्ये कोरड्या हवेची टाकी असेल तर हातपंप घरीच ठेवावा.

माझ्या मते साधनांत सगळ्यांत कमी खर्चाची आणि सगळ्यांत जास्त फळ देणारी गोष्ट म्हणजे ग्रिप. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप कारखान्यातून लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. कुणाचाही हात असा साचेबंद नसतो. ती बसवण्याची रीत अशी. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, निशाण्याकडे हात न्यायचा, मग डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप ठीक आहे. दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर तळव्याचा एखादा भाग लाकडाला जास्त दाबतो आहे, असं समजायचं. तिथं थोडं लाकूड कानसायचं, किंवा समोरच्या बाजूला पुट्टीचा थर द्यायचा, आणि पुन्हा डोळे मिटायचे. एका बैठकीत हे काम संपत नाही. पुट्टी वाळली की तिचा स्पर्श बदलतो, आठवडाभर सराव झाला की हाताची पकड बदलते, मे महिन्यात घामानं तळवा निसरडा होतो. म्हणून घाईनं जास्त लाकूड काढू नये. काढलेलं लाकूड परत येत नाही. खालची तळव्याची पट्टी इतकी घट्ट आवळू नये की बोटं बधिर होतील. मनगटाला आधार देणारा कोणताही भाग नियमात बसत नाही, हेही सुरुवातीलाच लक्षात ठेवावं.

ग्रिपवर मी इतका वेळ का घालवतो, ते एका त्रैराशिकानं कळतं. एअर पिस्तुलात पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२० मिलिमीटर. पुढची साइट खाचेत फक्त एक दशांश मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा तीन मिलिमीटरांहून थोडा जास्त हलतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर रुंदीचं. म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढ्या चुकीनं जवळपास ०.४ गुण गेला. २५ मीटरच्या पिस्तुलात साइटमधलं अंतर नियमानंच २२० मिलिमीटरांपुरतं मर्यादित आहे. तिथं तीच चूक अकरा मिलिमीटरांहून मोठी होते. उलट साइट नीट जुळलेली असताना सगळा हात मिळून निशाण्यावर दोन-तीन मिलिमीटर डुलला, तर छर्रा तेवढाच सरकतो. म्हणून चांगला प्रशिक्षक म्हणतो, निशाणा धूसर दिसू दे, नजर पुढच्या साइटवर ठेव. पुढच्या साइटची रुंदी आणि मागच्या खाचेची फट बदलता येते. दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी स्पष्ट दिसेल एवढी फट ठेवावी. रेंजवर उजेड कमी असेल तर थोडी जास्त.

ट्रिगरबद्दल नियम नेमका आहे. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला १,००० ग्रॅम. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरवर वजन अडकवतात आणि ते जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. मॅचनंतरही अचानक तपासणी होते आणि तेव्हा वजन उचललं नाही तर नेमबाज बाद होतो. काही मुलं ट्रिगर बरोबर ५०० वर आणून ठेवतात. एक ग्रॅमही जास्त नको म्हणून. थंडीत, धुळीत, प्रवासानंतर तो ४९५ वर येऊ शकतो. मी वीस-तीस ग्रॅम जास्त ठेवायला सांगतो. इतक्या फरकानं बोटाला काही कळत नाही, आणि मनाला स्वस्थता मिळते. वजनापेक्षा महत्त्वाचा आहे पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचा भाग. पहिला टप्पा सैल, बोट दाबत न्यायचं. मग स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. तिथून पुढे सरकल्याचं न कळता सुटलं पाहिजे. हा अडथळा कुठं येतो ते बोटाला पाठ झालं पाहिजे. म्हणून ट्रिगर एकदा बसवला की मोसमभर त्याला हात लावू नये.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण रेंजवर रोज ऐकू येते, पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. जुलै २०२१ मध्ये टोकियोत १० मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन मॅचमध्ये बिघाड झाला. तो दुरुस्त करून पुन्हा उभं राहण्यात बराच मोलाचा वेळ गेला. उरलेल्या वेळात घाईनं गोळ्या झाडून तिनं ५७५ गुण केले. बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या दिवशी तिच्यावर बरीच टीका झाली. ती अन्यायाची होती. ६० छर्ऱ्यांना ७५ मिनिटं असतात आणि त्यातली पंधरा गेली की खेळच दुसरा होतो. यातून घेण्यासारखा धडा नुसता 'दुसरं पिस्तूल जवळ ठेवा' एवढा नाही. दुसऱ्या पिस्तुलाची ग्रिप, साइट आणि ट्रिगर पहिल्यासारखेच बसवलेले असले पाहिजेत आणि त्यावरही नियमित सराव झालेला असला पाहिजे. पेटीत गुंडाळून ठेवलेलं राखीव पिस्तूल मॅचच्या दिवशी परकं वाटतं.

आता छर्रे. चपट्या तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे, आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, चियांग युआन यांचे डबे रेंजवर दिसतात. डोक्याचं माप ४.४८ पासून ४.५१ पर्यंत, शतांशानं बदलत जातं. कोणत्या नळीला कोणतं माप मानवेल, हे डब्यावरून कळत नाही. ते त्या नळीतच झाडून पाहावं लागतं. पिस्तूल शिकंज्यात पकडून प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे झाडायचे आणि सर्वांत घट्ट ग्रुपिंग देणारा डबा निवडायचा. मग त्याच बॅचचे जितके परवडतील तितके डबे घेऊन ठेवायचे, कारण पुढच्या बॅचचा छर्रा वेगळा वागू शकतो. इथं क्रोनोग्राफ कामाला येतो. हवेचा अवरोध सोडून हिशेब केला, तर सेकंदाला १५० मीटर वेगाचा छर्रा १० मीटर जाईपर्यंत सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. वेग १४५ झाला तर आणखी दीड मिलिमीटर. एका छर्ऱ्याला १५२ आणि दुसऱ्याला १४६ असा वेग हेलकावत असेल, तर दोष बोटात नसून रेग्युलेटरमध्ये आहे, आणि तो साइट फिरवून सुटत नाही. हे न मोजता साइटशी झगडत बसलेली मुलं पाहून मला वाईट वाटतं. सराव रोज शंभर छर्ऱ्यांचा धरला, तर पाचशेचा डबा पाच दिवसांत संपतो. वर्षाला पन्नासहून अधिक डबे लागतात. हा आकडा पिस्तुलाच्या किमतीआधी कागदावर लिहावा.

२५ मीटरला आलं की हिशेब बदलतो आणि कायदा पुन्हा दारात उभा राहतो. इथं .२२ लाँग रायफल काडतूस, ४० ग्रेन म्हणजे २.५९ ग्रॅमची शिशाची गोळी, ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी मंद. एली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस यांची पिस्तुलासाठीची काडतुसं आपल्याकडे आयात होऊन येतात. प्रिसिजन निशाण्याचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, रॅपिडचं १००. इतक्या मोठ्या वर्तुळाला ग्रुपिंगपेक्षा काडतूस न चुकता फुटणं आणि पुढचं काडतूस न अडकता चढणं जास्त महत्त्वाचं. महिलांच्या २५ मीटरमध्ये निशाणा तीन सेकंद समोर येतो. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये शेवटी चार सेकंदांत पाच निशाण्यांवर पाच गोळ्या. त्यात एक काडतूस अडकलं की लय गेली. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात फुटणारं मिश्रण पितळेच्या कडेत फिरवून पसरवलेलं असतं. कुठं कमी बसलं तर पिन आपटूनही ते फुटत नाही. म्हणून अंतिम स्पर्धेच्या काडतुसांवर मी काटकसर करू देत नाही. सुरतेच्या उन्हात गोळीवरचं मेण मऊ होऊन मॅगझिनमध्ये चिकटतं. डबा गाडीत ठेवू नये.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं नेमबाजांच्या वार्षिक काडतुसांची मर्यादा वाढवली: .२२ साठी १,००० वरून ५,०००, इतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी ६०० वरून २,०००. नवोदित नेमबाजाला एकाऐवजी दोन शस्त्रं ठेवता येऊ लागली. हा बदल मोठा आणि स्वागतार्ह होता. तरीही भागाकार करून पाहा. रोज शंभर गोळ्यांचा सराव धरला तर ५,००० काडतुसं पन्नास दिवसांत संपतात. जुन्या मर्यादेतली १,००० दहा दिवसांत संपली असती. २५ मीटरला आपली सेना इतकी पुढे का, याचं एक मोठं कारण मला इथंच दिसतं. २०१२ साली लंडनमध्ये रॅपिड फायरचं रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार सैन्याचा. तिथं काडतुसांसाठी घरच्या परवान्याच्या वहीकडे पाहावं लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतचं मोल म्हणूनच मला फार वाटतं. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण, २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत शूट-ऑफ जिंकून सुवर्ण. सैन्याबाहेरची मुलगी या प्रकारात जगाच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली.

या टंचाईत देशी कारखान्यांकडे नजर जाणं स्वाभाविक आहे. सुरतेहून ताप्तीकाठच्या रेल्वेनं भुसावळ गाठलं की जवळच वरणगावचा आयुध कारखाना लहान शस्त्रांची काडतुसं बनवतो. पुण्यातला खडकीचा कारखाना १८६९ चा; तिथल्या 'केएफ' ठशाची .३२ काडतुसं कितीतरी परवानाधारक वापरतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीखाली आहेत. सैन्याला पुरवठा करणं हे त्यांचं मुख्य काम, आणि ते तसंच राहावं. पण स्पर्धेच्या दर्जाचं .२२ काडतूस, बॅच नंबरासह, तपासून, देशात तयार होणं ही मागणी नेमबाजी संघटनांनी सातत्यानं लावून धरली पाहिजे. खानदेशातून सुरतेत आलेल्या घरातल्या मुलाला त्याच्याच मुलखात बनलेलं काडतूस रेंजवर मिळावं, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही.

तोवर कोरड्या, म्हणजे काडतूस-छर्रा न भरता केलेल्या सरावाला पर्याय नाही. एअर पिस्तुलात त्यासाठी बहुधा वेगळा खटका असतो. रिमफायर पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर पिन आपटली तर ती चेंबरच्या कडेवर बसते आणि कडा खचते. प्लग घालूनच कोरडा सराव करावा. रशियन स्कॅट यंत्र नळीवर लावलं की ट्रिगर सुटण्याआधीच्या सेकंदात हात कसा फिरला, ते पडद्यावर रेघेनं दिसतं. ज्याला स्वतःचं घेणं परवडत नाही त्यानं क्लबमधलं वापरावं. काडतुसांच्या तुलनेत हे यंत्र स्वस्त पडतं, असं मी हिशेबानं म्हणतो.

उरली दुरुस्ती. ग्रिपचं लाकूड, साइट, स्क्रू, स्वच्छता, ही कामं नेमबाजानं स्वतः करावीत. काडतुसी पिस्तुलाच्या आतल्या यंत्रणेला हात लावायला परवानाधारक गनस्मिथच हवा. कायदा दुरुस्तीलाही परवाना मागतो. आणि असा माणूस शोधायला सुरतेच्या नेमबाजाला बहुधा शहराबाहेर जावं लागतं. ज्या शहरातले रत्नकलाकार हिऱ्याच्या पैलूंवर अत्यंत बारीक काम रोज करतात, तिथं लाकूड आणि धातू बारकाईनं जाणणाऱ्या हातांची वाण नाही. क्लबमधल्या नेमबाजांनी एकत्र येऊन एक शिकंजा, एक क्रोनोग्राफ, ट्रिगर तपासण्याची वजनं आणि कोरड्या हवेची टाकी घेतली, महिन्यातून एकदा परवानाधारक गनस्मिथला अहमदाबाद किंवा पुण्याहून बोलावलं, तर दहा घरांनी वेगवेगळं खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. त्याच दिवशी प्रत्येकानं आपल्या पिस्तुलाची वही आणावी: कोणत्या बॅचचे छर्रे, कोणत्या तारखेला ट्रिगर किती, सिलिंडरची मुदत कधी. नवं पिस्तूल घ्यायचं की नाही, हे त्या वहीतल्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून ठरवावं.